नमुन्यावरची सही

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं त्साय मास्तर स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं. बारा वर्षं झाली. पत्र दोन पानांचं, दुकानाच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं. ते इतक्या वेळा उलगडलं गेलं होतं की घडीवर आलेली ओळ पार पुसली होती. पण नेमकी तीच ओळ मास्तरांना पाठ होती. ‘ही सही तुमची नाही, एवढंच लिहून पाठवा. बाकी मी बघून घेते.’

पत्र वेई लानशिनचं होतं.

मास्तर हे नुसते म्हणायचे मास्तर नव्हेत. गूझेन गावाभोवती केळीच्या बागा होत्या तेव्हा ते कालव्याकाठच्या शाळेत भाषा शिकवत. मग केळी गेल्या, त्या जागी दिव्यांचे कारखाने आले, आणि शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळून गेली. ज्यांची अक्षरं मास्तरांनी घटवून घेतली होती त्यांतल्याच एकाचा, लियांगचा, एलईडी दिव्यांचा कारखाना झाला होता. तो घरी येऊन म्हणाला, मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तेव्हा माझ्या नमुन्याच्या खोलीत येऊन बसा.

नमुन्याच्या खोलीतलं काम तसं सोपं. गिऱ्हाइकाला दिवा पसंत पडला की त्याच दिव्याचे दोन नग लाल कागदात बंद करायचे आणि कागदाच्या जोडावर दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. एक नग गिऱ्हाइकाकडे जातो, एक कारखान्यात राहतो. पुढे माल आला की तो या नमुन्याशी ताडून बघायचा. गूझेनचा निम्मा धंदा त्या लाल कागदावर चालतो आणि बरीचशी लबाडीही त्याच कागदाआडून चालते. नमुना म्हणजे लग्न जुळवणाऱ्या बाईनं दाखवलेला फोटो, असं बाजारात म्हणतात. घरी येतं ते तोंड वेगळं. पण कागदावर त्साय मास्तरांची सही असली की लोक खोकीसुद्धा उघडून बघत नसत. मास्तरांना याचं सुख होतं, आणि सुख वाटतं म्हणून थोडी लाजही.

लानशिन दाणे निवडायच्या खोलीत होती. दिव्याच्या आत जे बारके, तांदळाच्या कणीएवढे पेटणारे तुकडे असतात त्यांना कारखान्यात दाणे म्हणत. सगळे पांढरेच, पण एकाचा पांढरा दुसऱ्यासारखा नसतो. यंत्र त्यांची वर्गवारी करी, आणि यंत्राच्या हातून निसटलेला दाणा लानशिन नुसत्या डोळ्यांनी पकडे. प्रत्येक पांढऱ्याला तिनं नाव ठेवलं होतं. एक पेजेच्या निवळीचा, एक लिचीच्या गराचा, एक कोहळ्याच्या फोडीचा. एका फार भडक पांढऱ्याला ती ‘नवरीपेक्षा नटलेली करवली’ म्हणे, आणि तो दाणा बाजूला टाकताना नाक मुरडे. मास्तर मोजमापाचे आकडे घ्यायला तिथं जात आणि आकडे झाल्यावरही थांबत.

चार वर्षं दोघं दुपारी वडाखाली बसून जेवली. मास्तर घरून माशाच्या वड्या आणत, ती आंबवलेल्या तिखट मुळ्याच्या फोडी आणे. मास्तर पुस्तकं देत, ती परत करताना आत चिठ्ठी ठेवी: ‘यातला नवरा बावळट आहे’, ‘शेवटची वीस पानं लेखकानं झोपेत लिहिली असावीत.’ मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, तिचा नवरा गेला होता. दोघांतलं कुणीच काही बोललं नाही. मास्तर रोज ठरवत, आणि रोज वडी संपेपर्यंत बोलणं पाऊसपाण्यावर येऊन थांबे.

मग तिची आई आजारी पडली. लानशिन ग्वांगशीतल्या आपल्या डोंगराकडच्या गावी गेली, आई गेल्यावर तिथंच राहिली आणि तिनं विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. फोनवर मास्तरांना ‘हं’ आणि ‘बरं’ यांपलीकडे काही सुचत नसे, म्हणून ती पत्र लिही. दर महिन्याला एक. एका पत्रात तिनं दिव्यांची मागणी पाठवली. गावातल्या बायका घराघरांत माग टाकून नक्षीचं कापड विणत. त्यांच्यासाठी दोनशे दिवे हवे होते. बायकांना परवडेल असा भावही तिनं लिहिला होता, आणि खाली: ‘दुसऱ्या कारखान्याचा माणूस या भावात द्यायला तयार आहे. पण मला तुमच्याकडचेच हवेत.’

लियांग ते वाचून हसला. त्या भावात आपला दिवा बसतच नाही, जाऊ दे दुसरीकडे, म्हणाला. मास्तर म्हणाले, मी बसवून बघतो.

त्यांनी बसवला. दोन दिवस कागद पेन्सिल घेऊन बसले आणि दिव्यातल्या एकेक वस्तूचा दर्जा उतरवत नेला. दाणा लहान घेतला. दाण्याच्या आत केसाहून बारीक सोन्याची तार असते, तिथं मिश्र धातूची घेतली. उजेडाला रंग देणारी पिवळी पूड हलकी घेतली, उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ केला. भाव जुळला. नमुना मात्र आधीच्या चांगल्या मालातला होता, आणि त्यावर मास्तरांनी सही केली. दोन्ही दिवे टेबलावर शेजारी लावले तर ओळखू येत नव्हते. दहा वर्षांऐवजी चार वर्षं चालेल, एवढंच होईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बाजारात सगळे करतात तेच हे आहे, असं मात्र त्यांना एकदाही म्हणवलं नाही.

चुकलं ते उजेड किती यात नव्हतं, कसला यात होतं. हलक्या पुडीच्या उजेडात लाल रंगाच्या जवळजवळच्या छटा एकसारख्या दिसतात. त्या थंडीत त्यांतल्या अकरा बायकांनी त्या दिव्यांखाली सूत निवडून एका व्यापाऱ्यासाठी कापड विणलं. वसंतात ते उन्हात पसरलं तेव्हा प्रत्येकीच्या कापडात मधूनच लाल रंग बदललेला, जणू अर्धं एकीनं विणलं आणि अर्धं दुसरीनं. व्यापाऱ्यानं सगळं परत केलं. वर्षभरात दिवेही निळे पडले.

तेव्हा ते पत्र आलं. बायका दुकानात येऊन बसतात, असं लानशिननं लिहिलं होतं. मी त्यांना सांगितलं की खोटी सही कुणीतरी मारली असणार, मास्तर असं करणार नाहीत. ही सही तुमची नाही, एवढंच लिहून पाठवा. आणि मग दुसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं: ‘दुकानावरची खोली नदीकडे आहे. रिकामीच आहे. दिव्यांचा कंटाळा आला तर पुस्तकं मावतील.’

मास्तरांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली ते त्या तळाच्या ओळीत होतं, आणि ज्याचं उत्तर देता येत नव्हतं ते वरच्या ओळीत. ‘माझी’ असं लिहिलं तर खोली गेली. ‘माझी नाही’ असं लिहिलं तर खोली मिळाली, पण तिथं जो राहायला जाईल तो कुणी दुसराच. त्यांनी काहीच लिहिलं नाही. तिचं आणखी एक पत्र आलं, नुसतं ख्यालीखुशालीचं. मग पत्रं थांबली.

पुढच्या वर्षी मास्तरांनी कारखाना सोडला. आता सत्तरी झाली. जिन्याखालच्या खोलीत बसून ते छोट्या दुकानदारांचे दिवे तपासून देत. हा दाणा खरा, हा खोटा, एवढं सांगत. सही कुठंच करत नसत. हात कापतो, असं कारण देत. पुस्तक धरताना तो हात कापत नसे, हे पाहणारं घरी कुणी नव्हतं.

दिव्यांच्या व्यापाऱ्यांची वार्षिक जत्रा भरायला चार दिवस होते. सकाळच्या चहाला मास्तर नेहमीच्या कोपऱ्यात बसले असताना एक तिशीतली बाई सरळ त्यांच्या टेबलाशी आली.

“त्साय काका ना? मी दानफंग. वेई लानशिनची भाची.”

मास्तरांच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. दानफंगनं सांडलेला चहा फडक्यानं पुसला, समोर बसली आणि कुणाला न विचारता कोळंबीचे मोदक मागवले. नऊ तास गाडीत काढलेत, म्हणाली, आधी खाते. खाता खाता ती बोलत होती. गावातल्या विणकर बायकांनी मिळून एक मोठी विणशाळा बांधली होती. तिथं चाळीस दिवे हवे होते, आणि ते घ्यायला आत्यानं तिला पाठवलं होतं. तुम्हाला ओळखायचं कसं विचारलं, तर आत्या म्हणाली, चहाच्या दुकानात जो म्हातारा खायचं थंड करून पुस्तक वाचत असेल तो.

“बरी आहे?” मास्तरांनी विचारलं.

“गुडघे कुरकुरतात. तोंड नाही.” दानफंग हसली. “ती म्हणाली, नमुन्यावर मास्तरांची सही नसेल तर दिवा उंबऱ्याच्या आत येणार नाही. तेव्हा चला काका, तुमच्याशिवाय माझं काही खरं नाही.”

माझी सही अजून चालते, यावर मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

पहिलं दुकान झोंगचं. हाही मास्तरांचाच विद्यार्थी. पाढ्यांत कच्चा होता, पण त्यामुळे त्याचं धंद्यात काही अडलं नाही. त्यानं दोघांना पाहिलं आणि दारातूनच म्हणाला, मास्तर, या वयात सून दाखवायला आणलीत? आधी मुलगा तरी दाखवा. मग टेबलावर तीन दिवे ओळीनं मांडले. तिन्हींची खोकी सारखी, दिवे सारखे, वजनही हाताला जवळजवळ सारखं.

“हा दहा वर्षांचा,” त्यानं बोट ठेवत सांगितलं. “हा तीन वर्षांचा. आणि हा उद्घाटनाचा. फीत कापेपर्यंत जळेल, टाळ्या संपेपर्यंतची खात्री देत नाही.”

“लबाड आहात,” दानफंग म्हणाली.

“लबाड असतो तर तिन्ही दहा वर्षांचे म्हणून दिले असते, ताई. मास्तर समोर आहेत म्हणून खरं बोलतोय. एरवी इतकं खरं मला परवडत नाही.”

मास्तरांनी दहा वर्षांचा दिवा उघडला. भिंगातून दाणा पाहिला. तार सोन्याची होती, पण पत्रा पातळ. झोंगनं कान धरल्यासारखं केलं, आणि दोघं पुढच्या दुकानात गेली. तिथं पत्रा जाड, पण दाण्यांच्या दोन वेगवेगळ्या राशी एकाच दिव्यात मिसळलेल्या. तिसऱ्या दुकानातली बाई फारसं बोलली नाही. दिवा पुढं ठेवून ती आपलं जेवत राहिली. मास्तरांनी तो उघडला, पाहिला, परत जोडून पेटवला आणि दानफंगला विचारलं, मागावरचं सूत आणलंयस का?

होतं. आत्यानं पिशवीत घालून दिलं होतं. नऊ गुंड्या, नऊ प्रकारचे लाल. मास्तरांनी त्या दिव्याखाली मांडल्या, मग उचलून दुकानाबाहेर उन्हात नेल्या, परत आत आणल्या. आत नऊ होते, बाहेर नऊ होते. मग त्यांनी शेजारचा एक स्वस्तातला दिवा पेटवला. त्याच्याखाली नवांचे सहाच झाले.

“उजेड कमी असला तर डोळ्यांना कळतं,” ते म्हणाले. “उजेड खोटा असला तर कळत नाही. म्हणून आधी उन्हाला विचारायचं.”

“आत्या अगदी हेच करते,” दानफंग म्हणाली. “ते दिवे आले होते ना, तेव्हापासून.”

मास्तर गुंड्या पिशवीत भरू लागले. एक खाली पडली, ती दानफंगनं उचलली आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

“आत्यानं एक निरोप दिलाय. सही झाल्यावर सांग म्हणाली होती, पण माझ्या पोटात काही राहत नाही. ती म्हणते, मी तुम्हाला ते विचारायलाच नको होतं. कुणीतरी तुमची सही मारली, आणि मी उलटा तुम्हालाच जाब विचारला. माणूस दुखावला म्हणून गप्प बसला. चूक माझी होती, असं सांग म्हणाली.”

दुकानातली बाई भात खायची थांबली होती. मास्तरांनी दानफंगच्या हातातली गुंडी घेऊन पिशवीत टाकली.

“कधीपासून म्हणते असं?”

“तुमचं उत्तर आलं नाही तेव्हापासून. ल्यूआजी आहे ना, आत्याची सख्खी मावशी, त्या अकरांमधली एक. ती तेव्हा सगळ्यांसमोर बोलली की सही त्या माणसाचीच आहे. आत्या तिच्याकडे त्या दिवसापासून गेली नाही. सणाला नाही, काही नाही. आजी आता अंथरुणावर आहे. आम्ही सगळे सांगून दमलो. आत्या म्हणते, तिनं एका भल्या माणसाला चोर म्हटलं.”

बारा वर्षं मास्तरांना वाटत होतं की आपल्या गप्प बसण्याची किंमत आपणच भरतो आहोत. नदीकडची ती खोली, ते न मिळालेलं म्हातारपण; ते सगळं त्यांनी स्वतःच्या नावावर धरलं होतं, आणि त्यात त्यांना थोडं समाधानही होतं. तिकडे ती स्वतःला दोष देत बसली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. आपलं काय झालं, असं त्यांना वाटलं.

दुकानातल्या बाईनं लाल कागद आणून ठेवला. दोन नग बंद झाले. दानफंगनं पेन पुढे केलं.

“दिवे घे,” मास्तर म्हणाले. “चांगले आहेत. पण सही मी करणार नाही.”

“काका, मी एवढ्या लांबून फक्त त्यासाठी आलेय.”

“तू कर सही. तू नऊ रंग बघितलेस. माझ्याइतकंच बघितलंस.”

“माझ्या सहीला कोण विचारतं?”

“सुरुवातीला कुणाच्याच सहीला कुणी विचारत नाही. माल आल्यावर त्यातला एक उघड आणि नमुन्याशी ताडून बघ. सही कुणाचीही असो, उघडून बघ.”

“आणि आत्यानं विचारलं तर? तुम्ही का नाही केलीत?”

“पत्र येतंय म्हणून सांग.”

ती म्हणाली, मग माझ्याकडेच द्या की, मी परवा निघते. मास्तरांनी मान हलवली.

“तू नेलंस तर ती तुझ्यादेखत उघडेल. मग तिला चेहरा सांभाळून वाचावं लागेल. तसं नको.”

 दानफंग बोलकी होती, पण मंद नव्हती. तिनं कागदाच्या जोडावर आपलं नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात, आणि पुढे काही विचारलं नाही.

दुपारी मास्तर लिहायला बसले. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात बाजार कसा असतो, भाव कसा जुळवावा लागतो, लियांग काय म्हणाला, सगळं आलं. वाचून पाहिल्यावर ती एखाद्या हुशार मुलानं गृहपाठ न करण्याची दिलेली कारणं वाटली. ते फाडलं. दुसऱ्यात स्वतःला इतके दोष दिले होते की वाचणाऱ्याला समजूत घालायला धावावं लागावं. तेही फाडलं. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत गेलं. तिसरा कागद त्यांनी छोटा घेतला.

‘लानशिन,

ती सही माझीच होती. कुणी मारलेली नाही. माल हलका करायचंही मीच ठरवलं, लियांगनं नाही. तू लिहिलेल्या भावात चांगला दिवा बसत नव्हता. तसं कळवलं असतं तर तू दुसरीकडून घेतले असतेस, आणि मग मला पत्र लिहायला तुला कारण उरणार नाही असं मला वाटलं. एवढ्यासाठी केलं. नक्षीचा आणि रंगाचा विचार मी केला नाही. तू केला असतास.

उत्तर दिलं नाही ते दुखावलो म्हणून नव्हे. भ्यालो म्हणून. विचारलंस त्यात तुझं काही चुकलं नाही. मावशी खरं बोलत होत्या. त्यांच्याकडे जा. माझं नाव सांगून जा.’

इथं ते थांबले. मग आणखी एक ओळ लिहिली: ‘नदीकडच्या खोलीचं तू लिहिलं होतंस ते मी इतकी वर्षं वाचत आलो.’ ती खोडावी असं त्यांना वाटलं. वरचं सगळं लिहून झाल्यावर ही ओळ म्हणजे हात पसरल्यासारखं होतं. पण वरचं जसं खरं होतं तसं हेही खरं होतं, आणि सोयीचं तेवढं कागदावर ठेवायचं नाही म्हणून तर ते आज बसले होते. ओळ राहू दिली. खाली पूर्ण नाव लिहिलं. हात कापला नाही.

सकाळी चहाला न जाता ते टपाल कचेरीत गेले. खिडकीशी त्यांच्यापुढे दोघेजण जत्रेची नमुन्यांची खोकी पाठवायला उभे होते. पाळी आल्यावर खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, साधं पाठवायचं की नोंदणीनं? साधी पत्रं कधी कधी पोचत नाहीत, आजोबा.

ते पोचलं नसेल, अशी आपण पुढे स्वतःची समजूत घालू, हे मास्तरांना ठाऊक होतं. नोंदणी करा, ते म्हणाले.

“आत काय आहे?”

“कागद.”

तिनं पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, तिकीट चिकटवलं आणि पाठवणाऱ्याची सही घ्यायला पावती पुढे सरकवली. मास्तरांनी सही केली. मुलीनं ठप्पा मारला आणि पत्र मागच्या पिशवीत टाकलं.